नावेचं घर घ्यायचं, तर आधी तळ बघायचा

सिरोंच्याच्या बचत गटांकडून आम्ही बोलतो आहोत. आजचा विषय जरा वेगळा आहे. जुनी नाव विकत घेऊन तिचं राहतं घर करता येतं का?

हा प्रश्न आमच्या एका गटाच्या मासिक सभेत आला. गटातल्या एका अक्काचं मातीचं घर 2022 च्या जुलैच्या पुरात बसलं. तिचा नवरा पूर्वी नाव चालवायचा, माणसांना नदीपार न्यायचा. पूल झाले आणि ते काम गेलं. नात्यातल्या एकाची मोठी नाव काठावर पडून होती. अक्का सभेत म्हणाली, “मला कर्ज द्या. नाव घेते, छप्पर टाकते, त्यातच राहते. पूर आला तर घर पाण्यासोबत वर येईल. भिंत तर पडणार नाही ना?”

काही जणी हसल्या. पण तिच्या बोलण्यात खोट काय, ते कोणालाच सांगता येईना. पैसा सगळ्यांचा होता आणि डोक्यावरचं छप्पर एकीचं. म्हणून आम्ही ठरवलं, आधी माहिती काढू, मग मत देऊ.

माहिती काढताना पहिल्यांदा आपल्याच गावाचा इतिहास हाती आला. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. ती सिरोंच्याजवळ, काळेश्वरच्या समोर गोदावरीला मिळते. पुढे सोमनूरला इंद्रावती येते. एवढं पाणी बघून इंग्रजांच्या डोळ्यांत एक स्वप्न आलं. आर्थर कॉटन नावाच्या इंजिनियरने 1852 पर्यंत राजमहेंद्रीजवळ धवलेश्वरमला गोदावरीवर बंधारा बांधून घेतला होता. त्याचं म्हणणं असं, की नागपूर-वऱ्हाडचा कापूस बैलगाडीने नेण्यापेक्षा नदीतून आगबोटीने समुद्रापर्यंत न्यावा.

त्याच काळात, 1860 मध्ये, निजामाने सिरोंच्याचा मुलूख इंग्रजांना दिला. अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा झाला आणि त्याचं मुख्य ठाणं आपलं सिरोंचा! नदीत तीन ठिकाणी खडकांचे मोठे अडथळे होते. एक भद्राचलमजवळ दुम्मागुडेमला, दुसरा इंद्रावती संगमाच्या खाली इंचमपल्लीला आणि तिसरा प्राणहितेत, अहेरीकडच्या देवलमरीला. हे अडथळे चुकवण्यासाठी बंधारे आणि कालवे बांधायचं काम सुरू झालं. खर्च वाढत गेला. इकडे 1867 मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली आणि कापसाला दुसरी वाट मिळाली. शेवटी 1871 मध्ये नदीचं काम बंद केलं. 1874 मध्ये सिरोंचा चांदा जिल्ह्याला जोडलं गेलं. आपला गडचिरोली जिल्हा तर त्यानंतर 108 वर्षांनी, 1982 मध्ये झाला.

यातून आम्हाला एक गोष्ट कळली. रस्ता, रेल्वे किंवा पूल आला की नावेचं काम जातं. आगबोटींचं तसंच झालं आणि दीडशे वर्षांनी अक्काच्या नवऱ्याचंही तसंच झालं. पुलाबद्दल आमची तक्रार नाही. बाळंतिणीला रात्री नदीपार न्यायला पूलच लागतो. पण काम गेलेल्या नावेचं पुढे काय होतं? आपल्याकडे ती काठावर सडते. काही ठिकाणी लोकांनी तिचं घर केलं.

केरळच्या कुट्टनाड भागात तांदूळ वाहणाऱ्या मोठ्या नावा होत्या. त्यांना केट्टुवळ्ळम म्हणतात, म्हणजे बांधलेली नाव. रानफणसाच्या जातीच्या लाकडाच्या फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवायच्या, खिळा ठोकायचा नाही. वरून काजूच्या टरफलापासून केलेलं काळं तेल लावायचं. ट्रक आले तशा या नावा रिकाम्या पडल्या. 1990 नंतर लोकांनी त्यांच्यावर बांबूचं आणि चटयांचं छप्पर चढवलं, आत खोल्या केल्या, आणि पर्यटक येऊ लागले.

काश्मीरची गोष्ट त्याहून जुनी. तिथल्या हांजी लोकांची राहती नाव म्हणजे डूंगा. आपल्या डोंग्याच्या नावाशी किती जवळचं नाव आहे बघा! अख्खं कुटुंब त्यात रांधायचं, झोपायचं, वाढायचं. पुढे महाराजांच्या राज्यात बाहेरच्या माणसाला तिथे जमीन विकत घेता येत नव्हती. तेव्हा 1880 च्या सुमारास इंग्रजांनी देवदाराच्या लाकडाच्या मोठ्या नावा करवून घेतल्या आणि पाण्यावर घर थाटलं. जमीन मिळत नाही म्हणून पाणी, असा तो हिशोब होता. दूर युरोपात ॲमस्टरडॅम शहरातही दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई झाली, तेव्हा लोकांनी मालवाहू जुन्या नावा घेऊन त्यात संसार मांडले.

आपल्या महाराष्ट्रातही रत्नागिरी जिल्ह्यात, जयगडच्या खाडीत, बचत गटांच्या बायका हाऊसबोट चालवतात. पण ती पर्यटकांसाठी आहे, राहण्यासाठी नाही. हा फरक आम्ही वहीत लिहून ठेवला. पाहुणा दोन रात्री राहतो. घरात मात्र माणूस आजारी पडतो, चूल बारा महिने पेटते, पोर रांगतं.

मग आम्ही पाच जणी अक्कासोबत नाव बघायला गेलो. सोबत एक म्हातारे नावाडी बाबा घेतले. वरून नाव छान दिसत होती. सागवानी फळ्या, रुंद पोट. आम्ही आतून मापं घ्यायला लागलो, चूल कुठे, झोपायचं कुठे. बाबा म्हणाले, “वर काय बघता? खाली बघा.” त्यांनी वाकून तळाच्या फळीत सुरी टोचली. तीन ठिकाणी पातं अडलं. चौथ्या ठिकाणी, वाळूला टेकलेल्या भागात, सुरी मुठीपर्यंत आत गेली. अक्का काही बोलली नाही. तिने त्या जागी बोट घालून पाहिलं. बोटाला ओला भुसा लागला.

बाबांनी सांगितलं ते आम्ही सगळ्यांसाठी सांगतो. पाण्यात असलेलं लाकूड फुगून सांधे मिटवून ठेवतं. नाव दोन उन्हाळे कोरडी पडली की फळ्या आक्रसतात आणि सांधे उघडतात. तळाची एक फळी बदलायची तर शेजारच्या दोन उचकटाव्या लागतात. दरवर्षी सांधे भरायचे आणि तेल द्यायचं. म्हणजे खरेदीची किंमत ही फक्त पहिली किंमत.

दुसरा प्रश्न आपल्या नदीचा. काश्मीरचं तळं आणि केरळचं बॅकवॉटर संथ असतं. आपली प्राणहिता उन्हाळ्यात वाळू उघडी टाकते आणि आषाढ-श्रावणात झाडं उपटून आणते. नाव वर येईल हे अक्काचं म्हणणं खरं होतं, पण दोर तुटला तर ती थांबणार कुठे? पायाखालची वाळू आपण नुकतीच पाहिली आहे. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये मेडीगड्डाच्या एवढ्या मोठ्या बंधाऱ्याचेही खांब खचले.

तिसरा प्रश्न कागदाचा. जमिनीवरच्या घराची ग्रामपंचायतीत नमुना आठला नोंद होते, त्यावर बाईचं नाव लागू शकतं. नावेची तशी नोंद होत नाही. उद्या नवऱ्याने नाव विकली किंवा पुराने नेली, तर अक्काच्या हातात काय राहणार?

पुढच्या सभेत कोणी हसलं नाही. कर्ज द्यायचं असं एकमताने ठरलं, पण नावेसाठी नाही. गावातल्या उंचवट्यावर अक्काच्या सासरची थोडी जागा होती. तिथे कमरेएवढं जोतं बांधायचं, आणि घराच्या नोंदीत नवऱ्यासोबत तिचंही नाव लावायचं. अक्काला वाईट वाटलं. ती म्हणाली, “नदीत तीस वर्षं काढली आम्ही. आता नदीकडे पाठ करायची का?” याला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

तिने स्वतःच वाट काढली. नाववाल्याकडून तिने फक्त वरच्या चांगल्या फळ्या घेतल्या. त्यांचं दार झालं, माळा झाला आणि उरलेल्या फळ्यांची एक बाज झाली. दार नदीच्या दिशेला आहे. गेल्या पावसाळ्यात पाणी उंचवट्याच्या खालीच थांबलं.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात कोणी जुनी वस्तू घ्यायला कर्ज मागितलं, नाव असो, पिठाची गिरणी असो की गाडी, तर आधी हसू नका. जाणत्या माणसाला घेऊन ती बघायला जा. तिचा तळ तपासा, दरवर्षीचा खर्च मांडा आणि कागद कोणाच्या नावावर होणार ते विचारा. आणि तुमच्या गावच्या काठावर एखादी नाव पडून असेल, तर ती चालवणाऱ्या म्हाताऱ्यांना तिची गोष्ट विचारून लिहून ठेवा. फळ्या कुठेतरी लागतात. गोष्ट मात्र त्यांच्यासोबत जाते.