टाळेबंदीचे दोन हंगाम आणि उतारवयाचे संघ

श्रम कमी झाले कीं वय झालेल्या माणसाला सुख लागतें, हा व्यवहारांतील रुळलेला समज आहे. बारा मैलांची वाट आठ मैलांवर आली तर तिचा लाभ तरुण वाटसरूपेक्षां वृद्ध वाटसरूलाच अधिक होणार, असें कोणीही म्हणेल. परंतु ती आठ मैलांची वाट मध्यें कोठेंही न टेकतां चालून जाण्याची अट घातली, तर लाभ कोणाचा हा प्रश्न निराळा होतो. अमेरिकेंतील बास्केटबॉलच्या इतिहासांत ही परीक्षा १९९९ व २०१२ या दोन सालीं घडून आली. दोन्ही वेळां हंगाम आखूड झाला. दोन्ही वेळां वय झालेल्या नामवंत संघांना ही पर्वणीच लाभली आहे, असें भाकित करणें सोपें होतें. त्या भाकिताचें पुढें काय झालें, याची ही हकीकत आहे.

बास्केटबॉल हा खेळ पाहणाराला सुटसुटीत वाटतो. खेळणाराला तो तसा नाहीं. प्रत्येक बाजूचे पांच गडी लांकडी पटांगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सतत धांवत असतात. उडी घेतात, एकमेकांना अंगानें रेटतात, आणि उडीनंतर दर वेळीं शरीराचा सारा भार गुडघे व घोटे यांवर येऊन पडतो. नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन या अमेरिकेंतील प्रमुख व्यावसायिक संस्थेच्या स्पर्धेंत एक सामना ४८ मिनिटांचा असतो, आणि शिरस्त्याप्रमाणें प्रत्येक संघ एका हंगामांत ८२ सामने खेळतो. त्यानंतर निवडक संघांच्या मालिका सुरू होतात, आणि विजेतेपदापर्यंत पोंचणाऱ्या संघाचे एकूण सामने शंभराच्या घरांत जातात. सामना संपला कीं त्याच रात्रीं विमानांत बसावें, दुसऱ्या शहरीं उतरावें आणि पुन्हां मैदानावर जावें, असा हा क्रम असतो. या व्यवसायांत तिशी उलटलेला खेळाडू प्रौढ समजला जातो. पस्तिशी गांठलेल्याकडे लोक वृद्ध म्हणूनच पाहतात.

टाळेबंदी हा शब्द मुंबईच्या गिरण्यांमुळें मराठी कानांना परिचित आहे. अमेरिकेंत १ जुलै १९९८ रोजीं जी टाळेबंदी पुकारली गेली, ती मात्र लक्षावधि डॉलर मिळविणाऱ्या खेळाडूंविरुद्ध होती. खेळाच्या उत्पन्नांतील फार मोठा वाटा वेतनांत खर्ची पडतो, त्याला मर्यादा घातली पाहिजे, असें संघमालकांचें म्हणणें होतें. खेळाडूंच्या संघटनेला ती मर्यादा मान्य नव्हती. या संघटनेचा अध्यक्ष पॅट्रिक युइंग हा न्यूयॉर्क संघाचा आधारस्तंभ असून त्याचें वय त्या वेळीं छत्तिशीला आलें होतें. वाटाघाटी लांबत गेल्या, शरद् ऋतूंतील सामने बुडाले, आणि सगळाच हंगाम जाणार असें दिसूं लागलें असतां ६ जानेवारी १९९९ रोजीं तडजोड झाली. अवघ्या पंधरवड्याच्या तयारीनंतर ५ फेब्रुवारीला सामने सुरू झाले व ५ मे रोजीं साखळी संपली. प्रत्येक संघाच्या वांट्याला ५० सामने आले. पुढें २०११ सालीं याच कारणावरून पुन्हां टाळेबंदी झाली. त्या खेपेस २५ डिसेंबरला आरंभ होऊन २६ एप्रिल २०१२ पर्यंत प्रत्येक संघानें ६६ सामने खेळले.

आतां थोडें गणित पाहिलें पाहिजे, कारण प्रश्नाचें मर्म त्यांतच आहे. १९९७-९८ चा पूर्ण हंगाम ३१ ऑक्टोबरपासून १९ एप्रिलपर्यंत, म्हणजे १७१ दिवस चालला व त्यांत ८२ सामने झाले. त्या गतीनें ५० सामन्यांना १०४ दिवस लागले असते. १९९९ सालीं ते ९० दिवसांत उरकण्यांत आले. त्याच गतीनें ६६ सामन्यांना सुमारें १३८ दिवस लागले असते. २०१२ सालीं ते १२४ दिवसांत खेळविले गेले. दोन्ही हंगामांत सामने कमी झाले हें खरें. पण दोन्ही हंगामांत विश्रांतीचा एक एक पंधरवडाही कापला गेला. लागोपाठ तीन रात्रीं तीन सामने, असा एरव्हीं न येणारा प्रसंग या हंगामांत आला. २०१२ सालीं तर तो प्रत्येक संघावर निदान एकदां तरी आला.

वय खेळाडूचें नेमकें काय हिरावून नेतें, हें येथें लक्षांत घेतलें पाहिजे. नेम, दृष्टि, डाव ओळखण्याची बुद्धि हीं वयाबरोबर लगेच जात नाहींत. उलट कांहीं अंशीं वाढतातही. एका रात्रीपुरतें पाहिलें तर छत्तीस वर्षांचा कसलेला गडी पंचविशीच्या गड्याला पुरून उरतो. फरक पडतो तो दुसऱ्या दिवशीं सकाळीं. ताणलेले स्नायू पूर्ववत् होण्यास, सांध्यांची सूज ओसरण्यास तरुणाला जेवढा अवधि पुरतो, तेवढा प्रौढाला पुरत नाहीं. म्हणून त्याची खरी गरज कमी सामन्यांची नसून दोन सामन्यांमधील मोकळ्या दिवसाची असते. आणि आखूड हंगामानें नेमका तोच दिवस काढून घेतला.

१९९९ च्या आरंभीं सर्वांच्या नजरा युटा संघाकडे लागल्या होत्या. जॉन स्टॉकटन व कार्ल मलोन ही जोडी १९८५ पासून एकत्र खेळत होती. १९९७ व १९९८ अशीं लागोपाठ दोन वर्षें हा संघ अंतिम मालिकेपर्यंत गेला, आणि दोन्ही वेळां मायकेल जॉर्डनच्या शिकागो संघानें त्याला परत पाठविलें. तडजोड होऊन आठवडा लोटतो न लोटतो तोंच, १३ जानेवारीला, जॉर्डननें निवृत्ति जाहीर केली. वाटेंतला पर्वत आपोआप दूर झाला होता. स्टॉकटन सदतिशीस टेंकला होता, मलोन व जेफ हॉर्नासेक हे दोघेही पस्तीस वर्षांचे होते. विजेतेपद मिळवावयाचें तर आतांच, हें त्या तिघांनाही कोणी सांगावयास नको होतें.

साखळी सामन्यांत युटानें भाकित खरें करून दाखविलें. ५० पैकीं ३७ सामने जिंकून त्यानें सॅन अँटोनिओच्या बरोबरीनें सर्वाधिक विजय मिळविले. मलोनला त्या वर्षींच्या सर्वश्रेष्ठ खेळाडूचा बहुमान मिळाला; इतक्या वयांत तो मान पूर्वीं कोणासही लाभला नव्हता. स्टॉकटन सर्वच्या सर्व ५० सामने खेळला, परंतु प्रशिक्षक जेरी स्लोन यांनीं त्याला एका सामन्यांत सरासरीनें सुमारें २८ मिनिटेंच मैदानावर ठेवलें. अनुभव व शिस्त यांच्या बळावर प्रौढ संघ तीन महिने धांवूं शकतो, एवढें यावरून सिद्ध झालें.

परंतु मे महिना उजाडला आणि हिशेब चुकता करण्याची वेळ आली. पहिल्याच मालिकेंत त्या मानानें तरुण अशा सॅक्रामेंटो संघानें युटाला पराभवाच्या कांठावर आणून उभें केलें. चौथ्या सामन्याचे शेवटचे क्षण उरले असतां स्टॉकटननें चेंडू टोपलींत टाकला आणि एका गुणानें संघ वांचविला. पांचवा सामना जादा वेळांत जिंकावा लागला. पुढच्या मालिकेंत पोर्टलंडशीं गांठ पडली. या संघाच्या राखीव फळींतही पहिल्या प्रतीचे खेळाडू होते, आणि दर दहा मिनिटांनीं ताजे पाय मैदानांत उतरत होते. युटाचा ४ विरुद्ध २ असा पराभव झाला. स्टॉकटन व मलोन त्यानंतर कधींही अंतिम मालिकेंत एकत्र उतरले नाहींत, आणि विजेतेपद दोघांच्याही नशिबीं आलें नाहीं.

ह्यूस्टननेंही असाच डाव मांडला होता. हकीम ओलाजुवॉन व चार्ल्स बार्कली या छत्तिशीच्या दोघांच्या जोडीला तेहतीस वर्षांचा स्कॉटी पिपेन आणण्यांत आला. तीन मोठीं नांवें एकत्र आलीं. ३१ सामने जिंकलेही. पण पहिल्याच मालिकेंत लॉस अँजेलिसच्या लेकर्सनीं ३ विरुद्ध १ असें त्यांना घरीं बसविलें. न्यूयॉर्कची कथा याहून करुण आहे. पूर्व विभागांत आठव्या, म्हणजे अगदीं शेवटच्या क्रमांकानें प्रवेश मिळवून हा संघ अंतिम मालिकेपर्यंत गेला. आठव्या क्रमांकाच्या संघानें असें कधींच केलें नव्हतें. पण युइंग तेथें खेळण्यास उरला नव्हता. टाचेमागील स्नायुबंध अंशतः फाटल्यामुळें त्याला आदल्या मालिकेंतच बाहेर बसावें लागलें. त्याच्या दुखापतीचें सारें खापर आखूड हंगामावर फोडणें न्यायाचें होणार नाहीं, कारण अशा दुखापती पूर्ण हंगामांतही होतात. तथापि ज्या हंगामासाठीं संघटनेचा अध्यक्ष म्हणून तो महिनोन् महिने वाटाघाटीस बसला, त्याच हंगामाचा शेवट त्याला बांकावर बसून पाहावा लागला, एवढें खरें.

विजेता ठरला तो सॅन अँटोनिओ संघ. हाही कांहीं पोरसवदा संघ नव्हता. डेव्हिड रॉबिन्सन तेहतीस, एव्हरी जॉन्सन चौतीस व मारिओ एली पस्तीस वर्षांचा होता. परंतु त्यांच्यामध्यें टिम डंकन हा तेविशींतला धिप्पाड तरुण होता. रॉबिन्सननें पुढारपणाचा आग्रह न धरतां गुण मिळविण्याचा मुख्य भार या तरुणाच्या खांद्यावर जाऊं दिला व स्वतः बचाव संभाळला. पहिल्या १४ सामन्यांत ८ पराभव पत्करणाऱ्या या संघानें उरलेल्या ३६ पैकीं ३१ सामने जिंकले व २५ जून १९९९ रोजीं न्यूयॉर्क येथें विजेतेपद पटकाविलें. घरांतील वडील मंडळींनीं योग्य वेळीं कारभार धाकट्याकडे सोंपविला म्हणजे घर कसें सांवरतें, त्याचेंच हें उदाहरण होय.

तेरा वर्षांनीं बोस्टन संघावर हाच प्रसंग आला. रे ॲलन छत्तीस, केव्हिन गार्नेट पस्तीस व पॉल पिअर्स चौतीस वर्षांचा होता. पहिले तिन्ही सामने त्यांनीं गमावले. फेब्रुवारींतील विश्रांतीपर्यंत १५ विजय व १७ पराभव अशी अवस्था होती, आणि हा संघ संपला असें बोललें जाऊं लागलें. त्यांतच दोन खेळाडूंना हृदयाजवळील रोहिणीच्या विकारामुळें शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. तेव्हां प्रशिक्षक डॉक रिव्हर्स यांनीं मांडणी बदलली. उंच गार्नेटला मध्यस्थानीं आणलें, आणि ॲलनच्या जागीं एव्हरी ब्रॅडली या एकवीस वर्षांच्या तरुणाला घेतलें. पुढच्या ३४ पैकीं २४ सामने बोस्टननें जिंकले. पूर्व विभागाच्या निर्णायक मालिकेंत बलाढ्य मायामीविरुद्ध त्यांनीं ३-२ अशी आघाडीही घेतली. एकच विजय हवा होता. परंतु तोंपर्यंत ब्रॅडली खांद्याच्या दुखापतीनें बाहेर गेला होता, ॲलन दुखऱ्या घोट्यानें खेळत होता, आणि समोर सत्तावीस वर्षांचा लेब्रॉन जेम्स उभा होता. सहाव्या सामन्यांत त्यानें एकट्यानें ४५ गुण मिळविले. सातवाही सामना मायामीनें जिंकला. ॲलननें त्या उन्हाळ्यांत बोस्टन सोडलें.

त्याच वर्षीं सॅन अँटोनिओनें दुसरा मार्ग धरला. डंकन आतां स्वतःच छत्तिशीकडे झुकला होता. प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांनीं त्याला ६६ पैकीं ५८ सामन्यांतच उतरविलें, आणि तेंही सरासरीनें २८ मिनिटें. मार्च महिन्यांतील एका सामन्याच्या अधिकृत तक्त्यांत तर, तो कां खेळला नाहीं या रकान्यापुढें ‘म्हातारा’ असें कारण नोंदविलेलें आढळतें. या विनोदामागें एक निश्चित धोरण होतें. वेळापत्रकानें काढून घेतलेली विश्रांति सामने गमावण्याची जोखीम पत्करून खेळाडूला परत द्यावयाची, हें तें धोरण. त्या वर्षीं सॅन अँटोनिओनें ५० सामने जिंकले, आणि हंगामाच्या अखेरीपासून पुढें ओळीनें २० विजय मिळविले. नंतर ओक्लाहोमा सिटीच्या बावीस-तेवीस वर्षांच्या पोरांनीं त्यांना ओळीनें चार वेळां हरविलें. नुसती विश्रांति म्हणजे तारुण्य नव्हे, हेंही त्याच वर्षानें शिकविलें.

तथापि तें धोरण वायां गेलें नाहीं. २०१३-१४ च्या हंगामांत ८२ सामन्यांचा पूर्ण भार असतांना सॅन अँटोनिओच्या एकाही खेळाडूची सरासरी ३० मिनिटांपर्यंत पोंचली नाहीं. जून २०१४ मध्यें या संघानें मायामीला ४ विरुद्ध १ असें नमवून विजेतेपद मिळविलें, तेव्हां डंकन अडतीस वर्षांचा होता. जें यश आखूड हंगामानें वृद्धांना मिळवून द्यावें अशी अपेक्षा होती, तें अखेर लांब हंगामांत, आणि मोजून मापून घेतलेल्या विसाव्यानें मिळालें. स्टॉकटन, मलोन व युइंग यांच्या वांट्याला असा विसावा पुरेसा आला असता, तर काय घडलें असतें, हें सांगतां येत नाहीं. वाट किती मैलांची आहे, एवढेंच त्या काळीं पाहिलें गेलें. वाटेंत बसावयास जागा किती, हें मोजण्याची रीत पुढें पडली.