ओनामा कुणाचा?

‘याला ओ की ठो येत नाही.’ हे बोलणं आपल्या बापजाद्यांनी कुळकर्ण्याच्या ओसरीखाली उभं राहून ऐकलं. माझ्या पणज्यानं शाळेत ऐकलं. मास्तरनं त्याला दाराबाहेर बसवलं होतं. फळा लांबून बघायचा, पुस्तकाला हात लावायचा नाही. दोन पावसाळे त्यानं तसे काढले आणि मग ढोरामागं गेला.

मित्रांनो, मी सूतगिरणीत रात्रपाळी करणारा माणूस. सुट्टीत गावाकडं आलो की वस्तीतली पोरं जमवतो आणि शिकवायला बसतो. परवा एका पोरानं विचारलं, ‘दादा, पहिल्यांदा वाचायला शिकवलं कुणी? तेव्हा पुस्तक होतं का?’ मला उत्तर येईना. शोधत गेलो, आणि वाट आपल्याच जुन्नरच्या डोंगराला येऊन लागली.

इंग्रज यायच्या आधी पंतोजीच्या शाळेत छापील पुस्तक नव्हतंच. लाकडी पाटीवर धूळ पसरायची आणि बोटानं अक्षर गिरवायचं. म्हणून ती धुळाक्षरं. जोडीला पावकी, निमकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ. ब्राह्मणांची, वाण्यांची आणि काही बऱ्या कुणब्यांची पोरं तिथं असत. आपल्याला त्या धुळीतही बोट घालायची बंदी. धूळ तेवढी आपल्या पायाखालची, अक्षर त्यांचं.

तिथला पहिला धडा ‘ओनामासीधम’. म्हणजे ‘ॐ नमः सिद्धम्’. पोरं घोकत, पंतोजी घोकून घेई. आता हा ‘सिद्धम्’ कुठला ते बघा. सातव्या शतकात इत्सिंग नावाचा चिनी भिक्खू भारतात आला होता. त्यानं लिहून ठेवलंय की इथली मुलं सहाव्या वर्षी पहिली पाठी शिकायला लागतात आणि सहा महिन्यांत ती पुरी करतात. त्या पाठीचं नाव सिद्धम्. भिक्खूंनी ती अक्षरं चीनमार्गे जपानला नेली आणि तिथं ती आजही लिहितात. सह्याद्रीतल्या लेण्यांमधले कितीतरी शिलालेखही याच शब्दानं सुरू होतात. बौद्धांचा आणि जैनांचा हा शब्द पंतोजीच्या तोंडी राहिला. ज्यांना त्यानं दाराबाहेर ठेवलं, त्यांना मात्र तो कळला नाही.

आणि अक्षरं कोरली कुणाच्या नावानं? जुन्नरभोवती दोनशेहून जास्त लेणी आहेत. लेण्याद्रीचं चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्तानं दिलं. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणींची नावंही इथल्या दगडात आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी कष्टाच्या हातांचं नाव डोंगरावर होतं. पुढं ती ब्राह्मी लिपीच कुणाला वाचता येईना. 1837 साली जेम्स प्रिन्सेपनं ती उलगडली.

मधल्या काळात काय झालं ते लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून बघा. सातव्या लेण्यात, भिक्खूंच्या विहारात, गणपती बसलाय. भाषेतही तेच झालं. सुरुवातीला आता ‘श्रीगणेशा’ म्हणतात, सिद्धम् आत गाडला गेला.

मग छापील पुस्तकं आली. 1822 साली मुंबईत शाळापुस्तकांची मंडळी उभी राहिली. सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी 1828 साली ‘बाळमित्र’ आणि इसापच्या गोष्टी मराठीत आणल्या. बाळमित्राचं मूळ फ्रेंच लेखक बर्कीनचं. म्हणजे फ्रान्सच्या पोराची गोष्ट मराठीत आली, पण वेशीबाहेरचं पोर त्या पानावर आलं नाही.

ही चूक नव्हती, धोरण होतं. गव्हर्नर एल्फिन्स्टननं 1823 च्या टिपणात स्वतःच मांडलंय. मिशनऱ्यांना सगळ्यात खालच्या जातींची पोरंच सगळ्यात हुशार आढळतात, पण त्यांना खास उत्तेजन देताना जपलं पाहिजे, कारण शिक्षण आधी त्यांच्यात रुजलं तर ते पुढं पसरणार नाही. 1856 साली धारवाडला एका महार मुलानं सरकारी शाळेत अर्ज केला. सरकार म्हणालं, एका पोरासाठी बाकीच्यांची शाळा निकामी करता येत नाही. बाबासाहेबांनी 1928 साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या निवेदनात हा सगळा कागद सायमन कमिशनपुढं ठेवला.

याच्या उलट काय घडू शकतं तेही बघा. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. वय चौदाच्या आसपास. अक्षर हाती येताच तिनं धर्मालाच सवाल केला. म्हणून तर अक्षराला एवढा पहारा होता!

जोतिरावांनी 19 ऑक्टोबर 1882 ला हंटर कमिशनला निवेदन दिलं. त्यात शाळांबरोबर पुस्तकांचीही झडती आहे. ही पुस्तकं व्यवहाराच्या कामाची नाहीत, ती नव्यानं करा, शेती, आरोग्य, नीती, हुन्नर यांचे धडे घाला, असं त्यांनी सांगितलं. आणि बालबोधाबरोबर मोडीही शिकवा. मोडी का? कारण पुस्तक बालबोधात होतं, पण सावकाराचे रोखे आणि कुळकर्ण्याचं दप्तर मोडीत होतं. 1875 साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. वाचता येत नव्हतं, तो कागद जाळावाच लागला. ज्या कागदानं घर जातं तो कागद पोराला वाचता आला पाहिजे, हे फुल्यांचं म्हणणं.

हे म्हणणं जुनं झालेलं नाही. ज्या गावाचं नाव आंबेगाव तालुक्याला मिळालं ते गाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. पोर ‘आंबेगाव’ वाचतं आणि विचारतं, कुठाय? त्याला पाणी दाखवायचं आणि सांगायचं, हा आपला भूगोल. मग सातबारा वाचायला द्यायचा. मजुरीचं मस्टर द्यायचं. आईच्या अंगठ्याच्या जागी काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचून घ्यायचं.

वस्तीत वर्ग चालवणाऱ्या दोस्तांनो, सरकारी पुस्तक फेकू नका, पोरांना ते यायलाच हवं. पण पहिल्या दिवशी पाटीवर पोराचं स्वतःचं नाव लिहा. पहिल्या सहामाहीत त्याला लेण्याद्रीवर न्या आणि भिंतीतल्या अक्षरावरून नजर फिरवू द्या.

त्या पोराला मी हेच उत्तर दिलं. म्हटलं, बाळा, ओनामा आपलाही होता. दाराबाहेर आपल्याला बसवलं, अक्षर आपल्याला परकं नव्हतं. त्यानं पाटी पुसली आणि विचारलं, ‘सिद्धम् कसं लिहायचं?’