खानदेशचा पाऊस आणि दूरचा समुद्र

नंदुरबार जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. मग इथल्या माणसाने समुद्राची चौकशी कशाला करावी, असे कुणी विचारील. पण वाचकहो, नवापूरहून रेल्वेने पश्चिमेकडे निघालात, तर शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर सुरत लागते. तिच्यापुढे आपली तापी समुद्राला मिळते, आणि तिकडूनच आपला पाऊस येतो.

तो का येतो? वैशाखात शेतातली माती पाय भाजावे इतकी तापते, पण विहिरीचे पाणी गारच असते. माती लवकर तापते, लवकर निवते. पाण्याला दोन्हींसाठी वेळ लागतो. उन्हाळ्यात जमिनीवरची हवा तापून विरळ होते आणि समुद्रावरची दमट हवा तिकडे धाव घेते. धूमकेतूमुळे ज्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे, त्या हॅलेने १६८६ साली मोसमी वाऱ्यांचे कारण असेच सांगितले होते. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम त्याला उमगला नव्हता, तरी मूळ धागा त्याने बरोबर धरला.

हे वारे नवापूरच्या डोंगराळ मुलखाला आधी भेटतात, म्हणून तिकडे पाऊस जास्त. नंदुरबार, शहादे या सपाटीवर कमी. शिवाय बंगालच्या उपसागरात उठलेले कमी दाबाचे पट्टे मध्य भारत ओलांडून आले, की आपल्याकडे झड लागते. म्हणजे दोन समुद्र आपले देणेकरी! उलट हिवाळ्यात समुद्राची ऊब इथवर पोचत नाही. मुंबईला स्वेटर पुरतो, तेव्हा सातपुड्यातल्या डाब-मोलगीकडे दव गोठते.

पण हे देणेकरी कधी कधी देणे चुकवतात. १८९९ साली पावसाने दगा दिला. विक्रम संवत १९५६ चालू होता, म्हणून तो ‘छप्पन्नाचा दुष्काळ’ म्हणून ओळखला गेला. गुजरात आणि खानदेश दोन्ही होरपळले. चारा संपला, गुरे मेली, माणसे खडी फोडण्याच्या सरकारी कामांवर गेली. पाऊस फसणार हे सरकारी हवामानखात्याला आधी सांगता आले नव्हते.

पुढे १९०४ साली गिल्बर्ट वॉकर नावाचे केंब्रिजचे गणिती त्या खात्याचे प्रमुख झाले. त्यांनी जगभरच्या वेधशाळांचे आकडे मांडून ताडून पाहिले. प्रशांत महासागरावर हवेचा दाब चढला, की हिंदी महासागराकडे उतरतो आणि उलटही होते, असे त्यांना आढळले. जणू तराजूची दोन पारडी! १९२४ साली त्यांनी याला दक्षिणी दोलन हे नाव दिले. मात्र पारडी हलतात कशाने, हे त्यांना सांगता आले नाही. पेरूचे कोळी नाताळाच्या सुमारास येणाऱ्या उष्ण प्रवाहाला ‘एल निन्यो’, म्हणजे बाळ, म्हणत. समुद्राचे हे तापणे आणि वॉकरांची पारडी एकाच यंत्राचे भाग आहेत, हे १९६९ साली ब्यर्कनेस यांनी दाखवले. मग मागचे हिशेब पाहिले, तर १८७७ आणि १८९९ ही दोन्ही एल निन्योची वर्षे निघाली. १९७२ चा महाराष्ट्रातला दुष्काळही त्याच साखळीतला.

म्हणून एल निन्यो आला की दुष्काळ ठरलेला, असे मात्र समजू नका. १९९७ साली तो फार जोरदार होता, तरी देशात पाऊस जवळपास सरासरीइतका पडला. हिंदी महासागराच्या पश्चिम आणि पूर्व भागांतल्या तापमानाचा फरक त्या वर्षी आपल्या पथ्यावर पडला, असे शास्त्रज्ञ मानतात.

१८९९ च्या शेतकऱ्याला आभाळाकडे पाहण्यावाचून गती नव्हती. आज समुद्राचे पाणी किती तापले, हे आपल्याला पेरणीआधी कळते. त्याने पाऊस वाढत नाही. पण कोणते बियाणे घ्यावे, चारा किती राखून ठेवावा, गावतळ्यातला गाळ केव्हा काढावा, हे ठरवायला सवड मिळते. दुष्काळात त्या सवडीचे मोल फार असते.