इटलीत राहून इटालियन शिकणे: जुन्नर-आंबेगावच्या पालकांसाठी उन्हाळी भाषा-निवासाची ओळख

इटलीतल्या एखाद्या गावात दोन ते चार आठवडे राहायचे. सकाळी इटालियन भाषेचा वर्ग, दुपारी खेळ, स्वयंपाक किंवा गाव पाहणे आणि रात्री इटालियन कुटुंबात किंवा वसतिगृहात मुक्काम. साधारण १३ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी असे उन्हाळी कार्यक्रम अनेक भाषा-संस्था चालवतात. या पद्धतीला 'इमर्शन' म्हणतात. या लेखात आपण त्याला 'भाषा-निवास' म्हणू.

विमानभाडे, शुल्क, राहणे आणि विमा धरला तर खर्च सहज लाखांत जातो. जुन्नर, नारायणगाव, मंचर किंवा घोडेगावच्या कुटुंबासाठी तो एखाद्या हंगामाच्या कमाईइतका असू शकतो. त्यामुळे मूल तिथे जाऊन नेमके काय शिकेल, हा प्रश्न आधी विचारायला हवा. थोडक्यात उत्तर असे: मूल किती दिवस इटलीत होते, यापेक्षा दिवसातले किती तास इटालियनवाचून त्याचे अडले, यावर शिकणे ठरते.

ही पद्धत आली कुठून?

भाषा पुस्तकातून शिकण्याऐवजी तिच्यातच राहून शिकायची, ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील मिडलबरी कॉलेजने १९१५ मध्ये जर्मनची उन्हाळी शाळा सुरू केली. तिथल्या भाषा-शाळांत विद्यार्थी एक प्रतिज्ञा करतात: अभ्यासक्रम संपेपर्यंत फक्त शिकायच्या भाषेतच बोलायचे. मुलांसाठी हीच कल्पना मिनेसोटा राज्यातील कॉन्कॉर्डिया कॉलेजने १९६१ पासून शिबिरांच्या रूपात आणली. त्यांच्या 'भाषा-गावां'मध्ये आज इटालियनचेही गाव आहे. कॅनडात मॉन्ट्रियलजवळच्या सेंट-लॅम्बर्ट इथे १९६५ मध्ये पालकांच्या आग्रहाने इंग्रजी भाषक मुलांसाठी फ्रेंच माध्यमाचा वर्ग सुरू झाला. पुढे तिथूनच शालेय इमर्शनचा प्रसार झाला.

आपल्याकडे याची उलट बाजू दिसते. अमेरिकन विद्यार्थी मराठी शिकायला पुण्यात येतात, मराठी घरांत राहतात आणि भाजीवाल्याशी मोडके-तोडके बोलत भाषा पक्की करतात.

जुन्नरला तर परदेशी माणसांची सवय फार जुनी आहे. नाणेघाटातून कोकणातल्या बंदरांकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेवरचे हे गाव. जुन्नरभोवतीच्या लेण्यांत इरिल, चिट आणि चंद या तीन यवनांच्या दानांचे शिलालेख आहेत. एकाने पाण्याची दोन टाकी दिली, दुसऱ्याने भोजनमंडप, तिसऱ्याने लेण्याचे दार. 'यवन' हा शब्द त्या काळी ग्रीक किंवा एकूणच पश्चिमेकडच्या लोकांसाठी वापरला जाई. म्हणजे हे दाते इटलीचेच होते असे नाही. पण त्यांनी आपली दाने नोंदवली ती इथल्या प्राकृत भाषेत, ब्राह्मी लिपीत. जिथे राहायचे तिथल्या लोकांना कळेल अशा भाषेत बोलायचे, हाच भाषा-निवासाचा गाभा आहे.

तीन आठवड्यांत किती भाषा येते?

युरोपात भाषेचे कौशल्य ए-१ ते सी-२ अशा सहा पायऱ्यांत मोजतात. ए-१ म्हणजे स्वतःची ओळख करून देणे, रस्ता विचारणे, दुकानात खरेदी करणे. शून्यापासून ए-१ पर्यंत जायला साधारण ८० ते १०० तासांचे शिक्षण लागते. उन्हाळी कार्यक्रमात आठवड्याला बहुधा २० तासिका असतात आणि तासिका ४५-५० मिनिटांची असते. म्हणजे तीन आठवड्यांत प्रत्यक्ष वर्ग सुमारे ५० तासांचा.

याचा अर्थ, काहीच न शिकता गेलेले मूल वर्गात ए-१ ची जेमतेम अर्धी वाट चालते. बाहेर लोक काय बोलतात ते त्याला कळत नाही, म्हणून ते इंग्रजीकडे वळते आणि निवासाचा मुख्य फायदाच हातचा जातो. याउलट दिवाळीच्या सुट्टीपासून मेपर्यंत आठवड्याला दोन-तीन तास शिकले, तर जाण्याआधीच ५०-६० तास पदरी पडतात. मग तिथली दुपार आणि संध्याकाळही शिकवणी ठरते. नारायणगावात किंवा मंचरला इटालियनचा शिक्षक मिळाला नाही तरी ऑनलाइन वर्ग घेता येतात. इटली सरकारची सांस्कृतिक संस्था मुंबईत आहे, तिथेही चौकशी करता येईल.

मराठी मुलांना काय सोपे जाते?

मराठी बोलणाऱ्याला इटालियन वाटते तितकी परकी नाही. काही गोष्टी आपल्या जिभेवर आधीच आहेत.

- त आणि द: इटालियन त-द आपल्यासारखेच दंत्य आहेत. इंग्रजीच्या सवयीने मुले 'टुट्टो' वाचतात, खरा उच्चार 'तुत्तो' (सगळे).
- दोन प्रकारचे च आणि ज: 'चांगला'मधला च आणि 'चिंच'मधला च वेगळे, हे मराठी मुलाला शिकवावे लागत नाही. 'पिझ्झा'चा इटालियन उच्चार 'पित्सा' असा होतो, त्यातला 'त्स' म्हणजे आपला 'चांगला'मधला च. इटालियन 'झीरो'ची सुरुवात 'जाड'मधल्या ज ने होते.
- द्वित्त: 'नोनो' म्हणजे नववा आणि 'नोन्नो' म्हणजे आजोबा. 'गल्ली', 'सत्ता' म्हणणाऱ्याला हा ठसा सहज जमतो.
- कर्ता वगळणे: 'येतोस का?' यात 'तू' सांगावा लागत नाही. इटालियनमध्येही नुसते 'वियेनी?' पुरते.
- लिंगानुसार क्रियापद: मुलगा 'मी गेलो' म्हणतो, मुलगी 'मी गेले'. इटालियनमध्येही मुलगा 'सोनो आन्दातो' म्हणतो आणि मुलगी 'सोनो आन्दाता'. इंग्रजीतून विचार करणाऱ्याला हे अवघड जाते, मराठीतून विचार करणाऱ्याला नाही. नामांची लिंगेही तिथे दोनच आहेत, आपल्याकडे तीन.
- तू आणि आपण: मित्राला 'तू', अनोळखी मोठ्या माणसाला आदरार्थी 'लेई'. 'चाओ' हे मित्रांसाठी. शेजारच्या आजोबांना 'बोंजोर्नो' म्हणावे.

म्हणून पूर्वतयारी करताना मुलाला इंग्रजीमार्गेच शिकवायचा हट्ट धरू नये. शक्य तिथे मराठीशी ताडून पाहावे. मराठी माध्यमाच्या मुलाने या बाबतीत स्वतःला कमी समजण्याचे काहीच कारण नाही.

वेळापत्रकाचा पेच

इटलीतल्या शाळा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सुटतात आणि सप्टेंबरच्या मध्याच्या सुमारास उघडतात. त्यामुळे मुलांची शिबिरे मुख्यतः जून ते ऑगस्टमध्ये असतात. आपली सुट्टी मे महिन्यात आणि शाळा जूनच्या मध्याला सुरू होते. दोन्ही सुट्ट्या फारशा जुळतच नाहीत.

दहावीनंतरचा काळ मोकळा वाटतो, पण तिथे वेगळी अडचण आहे. २०२५-२६ पासून अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश संपूर्ण राज्यात लागू झाले. त्यामुळे जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतली कनिष्ठ महाविद्यालयेही त्यात आली. पसंतीक्रम भरणे, यादी लागणे आणि ठरलेल्या मुदतीत प्रवेश निश्चित करणे हे सारे निकालानंतरच्या आठवड्यांत चालते. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळूनही मुदत चुकली, तर पुढच्या नियमित फेऱ्यांना मुकावे लागू शकते. म्हणून तारखा ठरवण्याआधी त्या वर्षीचे प्रवेशाचे नियम वाचावेत, लॉगिन आणि मूळ कागदपत्रे पालकांच्या हाती ठेवावीत. १६ वर्षे पूर्ण झालेल्यांना वर्षभर चालणाऱ्या भाषा-शाळांत मे महिन्यात जागा मिळते का, हेही विचारावे.

ऑगस्टचा मध्य शक्यतो टाळावा. १५ ऑगस्टला 'फेर्रागोस्तो'चा सण असतो. त्या सुमारास इटालियन कुटुंबे समुद्रावर किंवा डोंगरात जातात, शहरांतली दुकाने बंद असतात आणि बोलायला स्थानिक माणूसच मिळत नाही.

पारपत्र आणि व्हिसा

९० दिवसांच्या आतल्या मुक्कामासाठी अल्पकालीन शेंगेन व्हिसा लागतो. महाराष्ट्रातील अर्ज इटलीच्या मुंबईतील महावाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. जून २०२४ पासून १२ वर्षांवरील अर्जदारांसाठी शुल्क ९० युरो आहे. किमान ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवास-विमा बंधनकारक आहे. पारपत्र परतीच्या तारखेनंतर आणखी तीन महिने वैध असावे. १८ वर्षांखालील मुलासाठी आई-वडील दोघांची लेखी संमती लागते.

ग्रामीण कुटुंबांची कागदपत्रे दोन ठिकाणी अडू शकतात.

पहिले म्हणजे नाव. आईचे नाव जन्मदाखल्यावर माहेरचे, आधारवर सासरचे आणि पारपत्रावर आणखी वेगळ्या स्पेलिंगचे असते. ही दुरुस्ती महिनोन्‌महिने घेऊ शकते, म्हणून सर्वांत आधी हाती घ्यावी.

दुसरे म्हणजे उत्पन्नाचा पुरावा. शेतीचे उत्पन्न आयकरमुक्त असल्याने अनेक घरांत विवरणपत्र भरलेलेच नसते, व्हिसासाठी मात्र ते मागितले जाते. सातबाऱ्यावरून जमीन दिसते, हातात येणारा पैसा दिसत नाही. नारायणगावच्या टोमॅटो बाजारातली किंवा मंचरच्या बाजार समितीतली पट्टी बँक खात्यातून घेण्याची आणि शेतीचे उत्पन्न दाखवून विवरणपत्र भरण्याची सवय एक-दोन वर्षे आधी लावली, तर ऐनवेळी धावपळ होत नाही.

जेवणाचे काय?

इटलीत शाकाहारी मुलाची उपासमार होत नाही. टोमॅटोचा पास्ता, भाजलेल्या भाज्या, डाळींचे सूप, पाव असे बरेच काही मिळते. पण माळकरी घरातल्या मुलाने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ताज्या पास्त्यात बहुधा अंडे असते. पार्मिजानो चीज बनवताना वासराच्या जठरातून काढलेले विरजण वापरतात, त्यामुळे ते काटेकोर अर्थाने शाकाहारी नाही. आपण काय खातो आणि काय नाही, हे अर्जातच लिहून द्यावे आणि मुलाला ते इटालियनमध्ये सांगता यावे.

कमी खर्चाचे मार्ग

रोटरीच्या युवा आदान-प्रदान योजनेत राहण्याची सोय यजमान कुटुंबे करतात. पालकांना प्रवास, विमा आणि कागदपत्रांचा खर्च करावा लागतो. दीर्घ मुदतीची योजना १५ ते १९ वयोगटासाठी असते, कमी मुदतीचीही आहे. एएफएस ही आंतरराष्ट्रीय संस्था भारतात काम करते, इटलीत तिचे नाव 'इंटरकल्चरा' आहे. दोन्हींत देश आपल्या पसंतीचाच मिळेल याची हमी नसते.

पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

१. वर्गात किती मुले, आणि त्यांत एकाच भाषेची जास्तीत जास्त किती? भारतातून गेलेल्या वीस मुलांचा गट एकत्र ठेवला, तर ती सहल होते, भाषा-निवास नव्हे.
२. मुक्काम कुटुंबात की वसतिगृहात? घरी इटालियन बोलणारे कोण असेल?
३. दुपारच्या कार्यक्रमांत स्थानिक मुले असतात का? सूचना इटालियनमध्ये दिल्या जातात की इंग्रजीत?
४. फोन वापरायचे नियम काय? रोज दोन तास घरी व्हिडिओ कॉल करणारे मूल मनाने इथेच राहते.
५. रात्री आजारी पडल्यास जबाबदार कोण, आणि पालकांना कळवणार कोण?
६. व्हिसा नाकारला गेल्यास किती रक्कम परत मिळेल?
७. शेवटी नुसते उपस्थितीचे प्रमाणपत्र मिळते, की परीक्षा देता येते? सिएना आणि पेरुजा येथील परदेशीयांसाठीच्या विद्यापीठांच्या 'चिल्स' आणि 'चेली' या परीक्षांना मान्यता आहे.

तिसऱ्या आणि पहिल्या प्रश्नाची उत्तरे समाधानकारक नसतील, तर बाकीचे कितीही चांगले असले तरी थांबावे. त्याच पैशांतला छोटा भाग वर्षभराच्या ऑनलाइन वर्गावर खर्च केला, तर मूल घरी बसून जास्त इटालियन शिकेल. आणि ती तयारी झालेले मूल पुढच्या उन्हाळ्यात गेले, तर यजमान आजी जेवताना काय विचारते ते त्याला कळेल आणि उत्तरही देता येईल.