जात कोणती? दोनशे पासष्ट

बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात एका ठिकाणी अजून उघडपणे जात विचारतात आणि कुणाला राग येत नाही. ते ठिकाण म्हणजे कारखान्याचं गट ऑफिस. माळेगाव असो, सोमेश्वर असो की भवानीनगरचं छत्रपती, गट नंबर, क्षेत्र, लागणीची तारीख लिहून झाली की प्रश्न येतो, "जात?" शेतकरी आकडा सांगतो, "शहाऐंशी बत्तीस" नाहीतर "दोनशे पासष्ट".

आजोबांच्या पुंड्या उसाला आकडा नव्हता. नीरेच्या कालव्यावर आकडे आधी आले ते परदेशातून. जावा बेटावरच्या केंद्राचा पीओजे २८७८ आला, मग को ४१९ आणि को ७४०. 'को' म्हणजे कोइमतूर. तिथलं ऊस पैदास केंद्र १९१२ सालचं. उसाला तुरा बऱ्याच ठिकाणी येतो, पण त्यात बी धरायला कोइमतूरची हवा मानवते. म्हणून संकर तिथे होतो आणि निवड ज्या त्या प्रांतात. आपल्यासाठी ही निवड नीरेपलीकडच्या पाडेगावात होते. तिथलं संशोधन केंद्र १९३२ चं.

नावातच हे सगळं नोंदलेलं असतं. पूर्वी नुसता अनुक्रमांक असे, पुढे वर्षही आलं. को ८६०३२ म्हणजे कोइमतूर, १९८६, बत्तिसावा. कोएम ०२६५ म्हणजे बी कोइमतूरचं, निवड महाराष्ट्राची, २००२ सालातला पासष्टावा. त्यातलं शून्य गळून आपल्याकडे तो 'दोनशे पासष्ट' झाला. खारवट रानातही तग धरतो म्हणून शेतकरी त्याच्यावर खूश. उशिरा पिकतो म्हणून कारखाने सुरुवातीला नाक मुरडत, तो भाग वेगळा.

को ४१९ ची आई कोण? जावाचा पीओजे २८७८. आणि दक्षिण आफ्रिकेतल्या एनको ३१० या गाजलेल्या जातीतला 'एन' नाताळचा, 'को' आपलाच. बी कोइमतूरहून गेलं होतं. उसाचं कूळ असं समुद्र ओलांडत वाढलं. पण बेण्याबरोबर रोगही प्रवास करतो, त्यामुळे देवाणघेवाणीला ओळख लागते, विश्वास लागतो. त्यासाठीची बैठक १९२४ साली होनोलुलूत बसली आणि ऊस तंत्रज्ञांची आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. तिसरं अधिवेशन १९२९ मध्ये जावातच झालं.

या संस्थेचा कारभार आपल्या कारखान्याच्या सभासदाला सांगायचा तर पंचाईत होते. तिथे पॅनेल नाही, चिन्ह नाही, निवडणुकीच्या रात्रीच्या जेवणावळी तर नाहीतच. सभासद म्हणजे शास्त्रज्ञ, इंजिनिअर, रसायनतज्ज्ञ. वर एक परिषद आणि कार्यकारी समिती. खरं काम चालतं ते खाली: शेती, जीवशास्त्र, कारखाना, उपपदार्थ असे आयोग आणि त्यांच्या हाताखाली पैदास, रोग, कीड अशा शाखा. साधारण तीन वर्षांनी अधिवेशन भरतं, यजमान देश बदलत राहतो, मधल्या काळात शाखा आपापल्या कार्यशाळा घेतात. भारताकडे हा मान १९५६, १९९९ आणि २०२३ साली आला. २०२३ चं अधिवेशन हैदराबादला झालं. महायुद्धामुळे मात्र १९३८ नंतरचं अधिवेशन भरायला थेट १९५० उजाडलं होतं. पुण्यात डेक्कन शुगर टेक्नॉलॉजिस्ट्स असोसिएशन १९३६ मध्ये निघाली, ती याच धर्तीची, आपल्या मुलखापुरती.

संस्थेला कुठल्याही देशावर हुकूम चालवता येत नाही. तरी तिच्या पुढाकारातून एक जबर गोष्ट उभी राहिली: जगभरच्या उसांचा संग्रह, एक अमेरिकेत आणि एक भारतात, केरळमधल्या कण्णूरला. एकीकडे रोग पडला तर दुसरीकडे वाण शिल्लक. आमच्याकडची म्हातारी माणसं बेणं शेजारच्या पाव्हण्याच्या रानातही ठेवत, ते याच हिशेबानं.

अक्षरांत एक गंमत आहे. 'को'च्या मागे आलेला 'एम' महाराष्ट्राचा. पण नावात एकटाच 'एम' असेल तर तो ऊस मॉरिशसचा. संस्थेचं सचिवालय कित्येक वर्षं त्याच बेटावर राहिलं, आणि तिथल्या उसाच्या मळ्यांत राबायला एकोणिसाव्या शतकात गेलेल्या गिरमिटियांत मराठी माणसंही होती.