संत्र्याचा थरांचा केक : हिवाळ्यातील पाहुण्यांसाठी घरगुती बेत

संत्रे, मोसंबी, लिंबू अशा लिंबूवर्गीय फळांची साल आणि रस घालून भाजलेल्या केकचे आडवे काप करायचे, त्यांच्यामध्ये सारण भरायचे आणि ते एकावर एक रचायचे, की थरांचा केक तयार होतो. गोमंतकीय वाचकाला थर म्हटले की बेबिंका आठवते. २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या पदार्थाशी संत्र्याच्या केकचे साम्य मात्र दिसण्यापुरतेच आहे. नारळाचा रस, अंड्यांचे बलक, साखर, मैदा आणि तूप यांची बेबिंका थराथराने भाजली जाते. खालचा थर भाजून झाल्याशिवाय वरचा ओतता येत नाही आणि करणाऱ्याला तासन्‌तास विस्तवापाशी बसावे लागते. संत्र्याच्या केकचे थर आधी भाजून, थंड करून, मग रचले जातात. त्यामुळे त्याचे काम दोन दिवसांत वाटून घेता येते आणि पाहुणे घरात असताना यजमानाला स्वयंपाकघरात अडकून पडावे लागत नाही.

हा केक कोणत्या घरात शोभतो, हे पाहायचे तर इंदूरचे उदाहरण घ्यावे. १८१८ च्या मंदसोर तहानंतर इंदूर ही होळकरांची राजधानी झाली. दरबार, शिक्षण आणि व्यवसाय यांच्या निमित्ताने तेथे गेलेली मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तेथेच रुजली. त्यांचे नातेवाईक महाराष्ट्रात आणि गोव्यातही विखुरलेले आहेत. डिसेंबरच्या सुट्टीत पाहुणे आले, की सकाळ पोहे-जिलबीची आणि रात्र सराफ्यातील खाण्याची, हे जवळजवळ ठरलेले असते. घरच्या यजमानाच्या वाट्याला उरतो तो दुपारच्या चहाचा वेळ. त्या वेळी आजीपासून नातवंडांपर्यंत सगळे एकत्र बसतात आणि त्यांतील काही जण अंडे खात नाहीत. एकाच्या ताटलीत केक आणि दुसऱ्याच्या ताटलीत बिस्किटे, असे झाले तर बेताचा अर्थच उरत नाही. म्हणून येथे दिलेला केक अंड्याविना आहे आणि त्याचे सारण चक्क्याचे, म्हणजे श्रीखंडाच्या कुळातील आहे.

फळाची निवड

संत्र्याचा हंगाम आणि पाहुण्यांचा हंगाम मालव्यात एकाच वेळी येतो. मध्य प्रदेशातील आगर-मालवा, शाजापूर आणि छिंदवाडा या भागांत संत्र्यांच्या मोठ्या बागा आहेत आणि हिवाळ्यात इंदूरच्या चोइथराम मंडईत संत्र्यांचे ढीग लागतात. गोव्यात हेच फळ प्रामुख्याने ‘नागपुरी संत्रे’ म्हणून ओळखले जाते. नागपूरच्या संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आंबिया बहाराची फळे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतात.

या फळाच्या नावातही प्रवास दडलेला आहे. संस्कृतातील ‘नारंग’ हा शब्द फारसी आणि अरबीतून युरोपात पोहोचला आणि स्पॅनिशमध्ये ‘नारांखा’, तर इंग्रजीत ‘ऑरेंज’ झाला. ‘संत्रे’ हा शब्द पोर्तुगालमधील सिंत्रा या गावाच्या नावाशी, तर ‘मोसंबी’ हा मोझांबिकशी जोडला जातो.

केकसाठी घट्ट, जड आणि ताठ सालीचे संत्रे निवडावे. फार पिकलेल्या फळाची साल आतून सुटून पोकळ झालेली असते, ती किसता येत नाही. मोसंबीचा रस चालतो, परंतु तिच्या सालीचा गंध सौम्य असतो. गणेशचतुर्थीच्या माटोळीत टांगले जाणारे तोरिंग वापरायचे झाल्यास केवळ बाहेरचा पातळ रंगीत भाग घ्यावा. आतील जाड पांढरा भाग कडू असतो.

सुगंध सालीत, आंबटपणा रसात

घरी केलेल्या संत्र्याच्या केकला संत्र्याचा वास येत नाही, ही नेहमीची तक्रार असते. अशा वेळी रस वाढवला जातो आणि केक ओलसर, जड होतो. वस्तुतः संत्र्याचा सुगंध सालीतील तेलात असतो. या तेलाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग लिमोनीन या द्रव्याचा असतो आणि ते पाण्यात नव्हे, तर स्निग्ध पदार्थात विरघळते. म्हणून सालीचा किस आधी साखरेत बोटांनी चोळावा आणि मग ती साखर केकच्या तेलात मिसळावी. किसताना फळ अखंड आणि थंड असावे. सोललेल्या संत्र्याची सैल साल किसणे अवघड जाते. दुकानातील फळांवर मेणाचा पातळ लेप असू शकतो, म्हणून ती कोमट पाण्यात मऊ ब्रशने घासून, धुऊन पुसावीत.

रसाचीही एक खोड आहे. संत्र्याच्या बिया आणि फोडींच्या पापुद्र्यांतील घटकांमुळे काढून ठेवलेल्या रसात काही वेळाने लिमोनिन नावाचे कडू द्रव्य तयार होते. फोडी मिक्सरमध्ये फिरवल्या तर कडवटपणा वाढतो. रस हाताने हलके पिळून, लगेच गाळून, लगेच वापरावा.

अंड्याची जागा कोण घेते?

अंडे केकला फुगवते, ओलावा देते आणि भाजताना घट्ट होऊन आकार धरून ठेवते. दही आणि संत्र्याचा रस यांतील आम्ल खाण्याच्या सोड्याशी संयोग पावून वायू निर्माण करते. त्या बुडबुड्यांनी केक फुगतो. दह्यातील प्रथिने आणि ओलावा उरलेले काम बऱ्याच अंशी करतात. अंड्याविना केक ही अलीकडची तडजोडही नव्हे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडी आणि यीस्ट सोसत नसे. त्यांनी १८३७ मध्ये अंड्याविना कस्टर्डची भुकटी आणि १८४३ मध्ये बेकिंग पावडर तयार केली. घरातील एका माणसाला सर्वांसोबत खाता यावे, एवढाच मूळ हेतू होता.

साहित्य (दहा ते बारा जणांसाठी, १८ सेंटिमीटर व्यासाची दोन भांडी)

केकसाठी : मैदा २५० ग्रॅम, पिठीसाखर २०० ग्रॅम, ताजे दही २४० ग्रॅम, वास नसलेले तेल १३० मिलिलिटर, संत्र्याचा रस ८० मिलिलिटर, चार संत्र्यांच्या सालीचा किस, बेकिंग पावडर दीड लहान चमचा, खाण्याचा सोडा अर्धा लहान चमचा, चिमूटभर मीठ.

चक्क्याच्या सारणासाठी : चक्का ४०० ग्रॅम (सुमारे एक किलो दह्याचा), पिठीसाखर १५० ग्रॅम, एका संत्र्याच्या सालीचा किस, केशराच्या काही काड्या.

घट्ट रसासाठी : संत्र्याचा रस २०० मिलिलिटर, साखर ५० ग्रॅम, कॉर्नफ्लॉवर २० ग्रॅम, लिंबाचा रस एक लहान चमचा.

थर भिजवण्यासाठी : संत्र्याचा रस ६० मिलिलिटर, साखर दोन लहान चमचे.

एकूण सात-आठ मध्यम संत्री पुरतात.

पहिला दिवस

सकाळी दही स्वच्छ कापडात टांगावे. आठ-दहा तासांत चक्का तयार होतो. मालव्याच्या थंडीत दही लागायला वेळ घेते, म्हणून विरजण आदल्या रात्री उबदार जागी लावावे.

दुपारी सालीचा किस पिठीसाखरेत चोळून त्यात दही आणि तेल घालावे आणि एकजीव होईपर्यंत फेटावे. मग रस मिसळावा. मैदा, बेकिंग पावडर, सोडा आणि मीठ दोनदा चाळून घ्यावे. ओव्हन १७५ अंश सेल्सियसला तापल्यानंतरच कोरडे साहित्य ओल्यात मिसळावे. पीठ दिसेनासे झाले की हात थांबवावा. अधिक फेटल्यास केक चिवट होतो. तळाशी बटर पेपर लावलेल्या दोन भांड्यांत मिश्रण सारखे वाटून साधारण २८ ते ३२ मिनिटे भाजावे. मध्यभागी खुपसलेली काडी कोरडी निघाली की केक झाला.

ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या कुकरमध्ये केक होतो. शिट्टी आणि रबर काढावे, पाणी घालू नये, तळाशी मिठाचा थर देऊन त्यावर स्टँड ठेवावा. दहा मिनिटे कुकर तापवून मग भांडे आत ठेवावे आणि मंद आचेवर ४० ते ४५ मिनिटे भाजावे. कुकरमध्ये एका वेळी एकच भांडे मावते. अशा वेळी ओले आणि कोरडे साहित्य दोन समान भागांत वेगळे ठेवावे आणि दुसरा भाग पहिला केक निघाल्यावरच मिसळावा. आधी मिसळून ठेवल्यास सोड्याचा वायू निघून जातो आणि दुसरा केक बसका होतो.

समुद्रसपाटीपासून इंदूरची उंची सुमारे ५५० मीटर आहे. उंचीमुळे केकचे प्रमाण बदलण्याची गरज साधारण ९०० मीटरच्या पुढे भासते; त्यामुळे हीच मापे पणजीतही चालतात.

केक पूर्ण निवल्यावर झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावेत. अंड्याविना केक ठिसूळ असतो. गरम असताना कापल्यास त्याचे तुकडे पडतात. संध्याकाळी रस, साखर आणि कॉर्नफ्लॉवर थंड असतानाच मिसळून मंद आचेवर सतत ढवळत दाट करावे. लिंबाचा रस आच बंद केल्यावर घालावा. आम्लात फार वेळ शिजल्यास कॉर्नफ्लॉवरचा दाटपणा मोडतो.

दुसरा दिवस

सकाळी चक्का, साखर, किस आणि कोमट दुधात खललेले केशर हलक्या हाताने एकत्र करावे. प्रत्येक केक दातेरी सुरीने आडवा कापून चार थर करावेत. थरावर साखर विरघळवलेला रस ब्रशने लावावा, त्यावर चक्का पसरावा आणि मध्यभागी घट्ट रसाचा पातळ लेप द्यावा. कडेला बोटभर जागा सोडावी, म्हणजे वरच्या थराच्या वजनाने सारण बाहेर येत नाही. उरलेला चक्का सर्वांत वर लावून केक दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवावा. सोललेल्या फोडी वाढण्याच्या वेळीच वर मांडाव्यात. आधी ठेवल्यास पाणी सुटते.

नेहमीच्या चुका

थर घसरत असतील, तर चक्क्यात पाणी राहिले आहे किंवा केक पुरता थंड झालेला नाही. केकला साबणासारखी चव आल्यास सोडा जास्त झाला आहे. कडवटपणा आला, तर किसताना सालीखालचा पांढरा भाग आला असावा. केक मध्यभागी खचल्यास तो अपुरा भाजला गेला आहे किंवा झाकण वेळेआधी उघडले गेले आहे.

साठवण आणि शिदोरी

सारण भरलेला केक फ्रिजमध्ये दोन दिवस राहतो. इंदूरच्या थंडीत तो चहाच्या वेळी तासभर बाहेर राहिला तरी बिघडत नाही. गोव्याच्या दमट हवेत मात्र तो वाढेपर्यंत फ्रिजमध्येच असावा. परतीच्या प्रवासात पाहुण्यांना द्यायचा असल्यास चक्क्याचा केक देऊ नये. एक केक सारणाविना वेगळा भाजून, बटर पेपरमध्ये गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात द्यावा. तो थंडीच्या दिवसांत दोन दिवस चांगला राहतो आणि सालीतील तेल मुरल्यामुळे दुसऱ्या दिवशी अधिक सुगंधी लागतो.