नकार कळवण्याची रीत

नागपुरात रामदासपेठेतल्या कोणत्याही बँकशाखेचे चेकबुक उघडा. चेकच्या खालच्या पांढऱ्या पट्टीत चुंबकीय शाईने छापलेले, थोड्या चमत्कारिक वळणाचे आकडे दिसतात. त्यातला नऊ आकडी क्रमांक ४४० ने सुरू होतो. हे तीन आकडे शहराचे, आणि ते आले पिनकोडावरून. म्हणजे १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झालेल्या आणि श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत पंडित अधिकाऱ्याने आखलेल्या पद्धतीवरून. पुढचे तीन आकडे बँकेचे (स्टेट बँक ००२, बँक ऑफ महाराष्ट्र ०१४) आणि शेवटचे तीन शाखेचे. एवढ्या खुणेवर चेक देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातून आपल्या शाखेपर्यंत पोचतो, याचे कौतुक होते आणि ते रास्तच आहे. पण तोच चेक वटला नाही तर त्याच्याबरोबर जे चिठोरे परत येते, बँकेतले लोक ज्याला रिटर्न मेमो म्हणतात, त्याच्या वाट्याला फक्त शिव्या येतात. माझ्या मते खरी करामत त्या चिठोऱ्यात आहे. एकमेकांच्या वह्या कधीही न पाहिलेल्या पेढ्या, बँका आणि आता संगणकातल्या सेवा एकत्र व्यवहार करू शकतात, त्याचे मोठे कारण म्हणजे ‘पैसे दिले नाहीत’ हे कसे सांगायचे ते त्यांच्यात आधी ठरलेले असते.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना हा प्रश्न आपलाच आणि कालपरवाचा वाटतो. पूर्वी एक मोठा प्रोग्रॅम सगळी कामे करी. जेम्स लुईस आणि मार्टिन फाउलर यांच्या २०१४ च्या लेखानंतर ‘मायक्रोसर्व्हिसेस’ हा शब्द सर्वांच्या तोंडी झाला आणि कामाची फाळणी होऊन प्रत्येक तुकड्याला वेगळी टोळी मिळाली. रामदासपेठेत दवाखाने आणि पॅथॉलॉजी लॅब यांची दाटी आहे, म्हणून उदाहरण तसलेच घेऊ. रुग्ण मोबाइलवर डॉक्टरांची वेळ घेतो, तेव्हा वेळापत्रकाची सेवा निराळी, पैसे घेणारी निराळी, रिपोर्ट पाठवणारी निराळी, एसेमेसची आणखी निराळी. काम झाले तर सगळ्यांची उत्तरे साधारण सारखीच. अडले की मात्र प्रत्येकीची तऱ्हा वेगळी: एक नुसता आकडा पाठवते, दुसरी इंग्रजी वाक्य पाठवते, तिसरी वर ‘२०० – सर्व ठीक’ असा शेरा मारून आत गुपचूप ‘अयशस्वी’ लिहिते. (या तिसऱ्या प्रकाराला माझ्या लेखी क्षमा नाही.) मग वरच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक सेवेच्या स्वभावाप्रमाणे वेगवेगळी ठिगळे लावत बसावे लागते.

हा पेच सावकारी पेढ्यांनी फार पूर्वी सोडवला होता. नागपूर-कामठीची बन्सीलाल अबीरचंद ही डागा घराण्याची पेढी घ्या. कस्तुरचंद पार्कला ज्यांचे नाव आहे ते सर कस्तुरचंद डागा याच घराण्यातले. अशा पेढीने दूरच्या गावातल्या दुसऱ्या पेढीवर हुंडी लिहिली, तर त्या दोघांना जोडणारे मध्यवर्ती कार्यालय कुठेच नव्हते. मराठी सावकाराची वही मोडीत, मारवाड्याची महाजनीत. व्याजाचे दर, नोकर, मुहूर्त, सगळे ज्याचे त्याच्याकडे. पण हुंडीचा मजकूर ठरीव, आणि ती पटली नाही तर पुढे काय करायचे तेही ठरीव. हुंडी वाटेत हरवली तर लिहिणारा ‘पेठ’ देई. हे दुसरे पत्र, आणि त्यात पहिल्या हुंडीचा दाखला देऊन स्पष्ट म्हटलेले असे की ती आधीच चुकती झाली असेल तर हिच्यावर पैसे देऊ नयेत. पेठही हरवली तर ‘परपेठ’, तिच्यात आधीच्या दोन्हींचा उल्लेख. ज्याच्यावर हुंडी काढली तो नाकारील अशी शंका असेल, तर सोबत ‘जिकरी चिठ्ठी’ असे: त्याच गावातल्या एखाद्या भल्या गृहस्थाच्या नावे, की समोरच्याने हात वर केले तर आमची पत राखून तुम्ही रक्कम द्यावी. नाकारलेली हुंडी परत आली की मुद्दलावर व्याज आणि वर रिवाजाप्रमाणे भरपाई. तिला निकराई-सिकराई म्हणत. आणि चुकती झालेली हुंडी ‘खोखा’ होऊन वहीत जाई, म्हणजे ती पुन्हा बाजारात फिरण्याचा प्रश्नच उरत नसे. आजचा प्रोग्रॅमर मागणीबरोबर एक खास क्रमांक पाठवतो, जेणेकरून तीच मागणी दोनदा पोचली तरी पैसे एकदाच कटावेत. पेठेतल्या त्या दाखल्याचे काम हेच होते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. सगळ्यांना एका साच्यात बसवले की प्रत्येकाचे स्वातंत्र्य जाते, आणि स्वातंत्र्यासाठीच तर कामाची फाळणी केली होती. १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट इथे वाचण्याजोगा आहे. त्याच्या पहिल्याच कलमात देशी भाषांतल्या हुंड्यांचे स्थानिक रिवाज अबाधित ठेवले आहेत. वह्या कशा लिहा, कोणत्या लिपीत लिहा, याला कायद्याने हात लावला नाही. पण ९९ व्या कलमात, कागद नाकारला गेला तर नोटरीने काय नोंदवायचे, ते नेमके सांगितले आहे. नाकारल्याची तारीख, दिले असेल ते कारण, आणि नोटरीची फी. शिवाय समोरच्याने उघड नकारच दिला नसेल, नुसता गप्प राहिला असेल, तर कागद ज्याच्या हातात आहे तो त्याला नाकारलेला का मानतो याचे कारणही लिहायचे. मार्च २०१६ मध्ये इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजांत आरएफसी ७८०७ या क्रमांकाने, मार्क नॉटिंगहॅम आणि एरिक वाइल्ड यांच्या नावे, सेवांनी चूक कशी कळवावी याचा नमुना आला (२०२३ मध्ये त्याची जागा आरएफसी ९४५७ ने घेतली). त्यात चुकीचा प्रकार, थोडक्यात शीर्षक, आकडी दर्जा, या वेळचा तपशील आणि या घटनेची ओळख असे पाच रकाने आहेत. दोन्हींनी घरात डोकावणे टाळले आणि उंबरठ्यावरचा नकार तेवढा शिस्तीत आणला. स्वातंत्र्याचा आक्षेप घेणारे घर आणि उंबरठा यांची गल्लत करतात.

चेकच्या क्लिअरिंगमध्ये ही शिस्त आणखी घट्ट झाली. क्लिअरिंग हाऊसांच्या समान नियमांसोबत परतीच्या कारणांची क्रमांकवार यादी आहे: ०१ म्हणजे खात्यात रक्कम अपुरी, ०२ म्हणजे ठरलेल्या मर्यादेपलीकडे, १२ म्हणजे सही जुळत नाही, २० म्हणजे चेक देणाऱ्याने पैसे थांबवले, आणि ८८ म्हणजे ‘इतर कारणे’. पण नुसत्या यादीने भागले नाही. चेक बँकेच्याच तांत्रिक अडचणीमुळे परत गेला तरी काही बँका ग्राहकाकडून दंड कापत. मे २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले, की ग्राहकाची चूक असेल तरच परतीचे शुल्क घ्यायचे. कोणत्या कारणांत ग्राहकाचा दोष नसतो त्याची यादी दिली. आणि ज्या चेकसाठी ग्राहकाला पुन्हा हेलपाटा घालण्याची गरज नाही ते बँकेने स्वतःच सुट्ट्या वगळून २४ तासांच्या आत पुन्हा सादर करावेत आणि ग्राहकाला एसेमेसने कळवावे असेही बजावले. म्हणजे नकार मिळाल्यावर दोन प्रश्न उभे राहतात. दोष कोणाचा, आणि पुन्हा प्रयत्न करायचा की नाही? एका कारणक्रमांकात दोन्हींची उत्तरे मावत नाहीत, हे कळल्यावर दुसरी यादी करावी लागली.

संगणकवाल्यांना हेच वेगळ्या वाटेने कळले. दूरच्या यंत्रावरून फाइल आणण्याचा नियम, एफटीपी, पहिल्यांदा लिहिला तो आयआयटी कानपूरमधून शिकून एमआयटीत गेलेल्या अभय भूषण यांनी, १९७१ मध्ये. त्याच्या १९७२ च्या आवृत्तीत प्रत्येक उत्तराच्या आरंभी तीन आकडे आले. १९७४ च्या दुरुस्तीने पहिल्या आकड्याचा अर्थ पक्का केला: ४ म्हणजे तात्पुरता नकार, मागाहून पुन्हा या, ५ म्हणजे कायमचा. १९८२ मध्ये ईमेलच्या नियमांनी हीच रीत उचलली. वेबने आकडे तेच ठेवले आणि अर्थ फिरवला: ४ म्हणजे मागणाऱ्याची चूक, ५ म्हणजे देणाऱ्याची. दोषाचा प्रश्न सुटला, पण पुन्हा यायचे का हा प्रश्न लोंबकळत राहिला. म्हणून ४२९ (मागण्या फार झाल्या) आणि ५०३ (सेवा तूर्त बंद) या उत्तरांसोबत ‘इतक्या वेळाने पुन्हा या’ अशी वेगळी ओळ जोडता येण्याची सोय करावी लागली. दोषाची अशीच वाटणी यूपीआयमध्ये दिसते; त्याचे व्यवहार एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाले. ते चालवणारी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन तिथे बँकवार दोन प्रकारचे नकार वेगळे मोजते आणि जाहीर करते. चुकीचा पिन, अपुरी शिल्लक, ओलांडलेली मर्यादा हे एका रकान्यात. बँकेची किंवा कॉर्पोरेशनची यंत्रणा बंद पडणे दुसऱ्यात. हे आकडे चारचौघांत दिसू लागले की ‘तुमचेच नेट गेले असेल’ म्हणून ग्राहकाला वाटेला लावणे अवघड जाते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. यादी कितीही लांब केली तरी जगातली प्रत्येक अडचण तिच्यात बसत नाही. लोक मग ८८ मध्ये सगळा कचरा टाकतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे यादीचाच आडोसा घेतात. हे खरेच घडले. १ एप्रिल १९८९ पासून न वटलेला चेक देणे त्याच १८८१ च्या कायद्याच्या १३८ व्या कलमाखाली गुन्हा ठरला, पण कलमात कारणे दोनच लिहिली होती: रक्कम अपुरी किंवा मर्यादा ओलांडली. मग मेमोवर ‘खाते बंद’, ‘पैसे थांबवले’ किंवा ‘सही जुळत नाही’ असे आले, की देणेकरी म्हणू लागले, आम्ही यात बसतच नाही. पैसे थांबवल्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घेतलेली भूमिका १९९८ च्या मोदी सिमेंट्स निकालात बदलली. १९९९ मध्ये एनईपीसी मायकॉन प्रकरणात ‘खाते बंद’ हाही अपुऱ्या रकमेचाच प्रकार ठरवला. आणि २०१२ मध्ये लक्ष्मी डायकेम प्रकरणात सही न जुळण्यापर्यंत कलमाची व्याप्ती नेली. आक्षेप घेणारे म्हणतील, पाहा, यादीने घोटाळाच केला. मला उलटे दिसते. कारणे ठरीव होती म्हणूनच कोणत्या कारणामागे पळवाट आहे हे दिसले आणि ती एकेक करून बुजवता आली. प्रत्येक शाखेने आपापल्या मनचे वाक्य लिहिले असते तर न्यायालयाला प्रत्येक मेमोचा अर्थ नव्याने लावत बसावे लागले असते. या निकालांनी मोठ्या वर्गाखाली पोटवर्ग लावले, आणि सेवांच्या बाबतीतही तेच शहाणपणाचे आहे: वरचे प्रकार मोजके आणि सर्वांना समान, खालचा तपशील ज्याचा त्याने वाढवावा, आणि खालचा शब्द ओळखीचा नसला तरी वरच्या प्रकारावरून काम चालावे.

यादीत मुद्दाम गुळमुळीत ठेवलेली कारणेही आहेत. ‘रेफर टु ड्रॉवर’, म्हणजे ज्याने चेक दिला त्यालाच विचारा, हा इंग्रज बँकरांचा जुना सभ्यपणा. ग्राहकाची पत उघड्यावर आणली तर अब्रुनुकसानीचा दावा व्हायचा, ही भीती त्यामागे होती. कार्डांच्या आयएसओ ८५८३ या १९८७ च्या मानकात ५१ म्हणजे अपुरी शिल्लक आणि ९१ म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेची यंत्रणा बंद, हे स्पष्ट असूनही ०५, म्हणजे कारण न देता ‘मान्य करू नका’, हा आकडाही आहेच. तेव्हा सगळेच सगळ्यांना सांगावे असा माझा आग्रह नाही. चोराला ‘नाव बरोबर, पासवर्ड चुकला’ असे सांगणे म्हणजे त्याचे अर्धे काम करून देणे. पण गुळमुळीतपणा ठरवून केलेला असावा, आणि आत कुठेतरी पूर्ण कारण नोंदलेले असून बाहेर त्याचा धागा असावा. यूपीआयच्या पावतीवरचा बारा आकडी संदर्भ क्रमांक हा तो धागा. त्याच्याशिवाय तक्रार घेऊन गेलेला माणूस आणि समोरचा कारकून, दोघेही अंधारात चाचपडतात.

राहता राहिला नकारही न देणारा. इथे आजच्या पद्धतींची एकमेकींशी अजिबात सहमती नाही. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेकचे क्लिअरिंग दिवसभर सलग चालते, आणि पैसे देणाऱ्या बँकेने संध्याकाळच्या मुदतीपर्यंत हो-नाही कळवले नाही तर चेक मंजूर धरला जातो. म्हणजे मौन हा होकार. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या आदेशाप्रमाणे यूपीआयने एकाच्या खात्यातून कटलेले पैसे दुसऱ्याच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत, नाहीतर दिवसाला १०० रुपये भरपाई. एटीएमने खाते कापले पण नोटा दिल्या नाहीत, तर मुदत पाच दिवसांची. तिथे अर्धवट राहिलेला व्यवहार म्हणजे नकार, फक्त तो कळायचा वेळ वेगवेगळा. माध्यमांची जोखीम वेगळी आहे, तेव्हा हे अर्थ वेगळे असायला हरकत नाही, आणि ते निदान जाहीर तरी आहेत. एकाच दवाखान्याच्या किंवा एकाच कंपनीच्या दहा सेवांमध्ये मात्र हा फरक परवडत नाही. पैसे घेणारी सेवा तीस सेकंद गप्प राहिली, वेळापत्रकाच्या सेवेने ते नकार समजून मागणी पुन्हा पाठवली, आणि पैशांच्या सेवेला ती नवीच वाटली, की रुग्णाच्या खात्यातून रक्कम दोनदा जाते. चूक कळवण्याचा नमुना ठरवायला बसलेल्या टोळीने आधी मौनाचा अर्थ ठरवावा. कोणत्या मागणीला किती वेळ, तो टळल्यावर काय गृहीत धरायचे, आणि दुसऱ्यांदा विचारताना पहिल्या मागणीचा दाखला कोणत्या रकान्यात द्यायचा. आकड्यांची यादी त्यानंतरही करता येते.